रंग फसवतो, फांदीही फसवते

छत्रपती संभाजीनगरला समुद्र नाही. त्यामुळे इथल्या वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला लाल शैवाल सहसा आधी भेटतं ते फॉर्मॅलिनच्या बरणीत, नाहीतर हर्बेरियमच्या कागदावर. बरणीतलं फिकट पिवळट झालेलं असतं आणि ‘हे कसलं लाल?’ हा प्रश्न तिथेच पडतो. मालवण-रत्नागिरीच्या कातळावरचं ताजं शैवाल तरी कुठे लालभडक असतं! फायकोएरिथ्रिन हे लाल रंगद्रव्य कडक उन्हात कमी होतं, मग तेच शैवाल हिरवट किंवा तपकिरी दिसतं.

रंग बाजूला ठेवला की शैवाल ओळखायला सगळे फांद्या मोजू लागतात. ‘दुभंगत गेलेली फांदी म्हणजे ग्रासिलारिया’ हे पाठांतर परीक्षेपुरतं ठीक. ग्रासिलारिया कॉर्टिकाटा दुभंगतच वाढते, चपटी आणि चिवट असते, हे खरं. पण लाटांनी किंवा माशांनी टोक तोडलं की तिथून बारीक फांद्यांचा झुबका फुटतो आणि मूळ घडण झाकली जाते. म्हणून शाबूत टोकं शोधावी लागतात. हिप्निया मस्सिफॉर्मिस या दुसऱ्या लाल शैवालाची काही टोकं फुगून आकड्यासारखी वळतात आणि त्या आकड्यांनी ते शेजारच्या सरगॅसम या तपकिरी शैवालाला विळखा घालतं. मात्र प्रत्येक टोकाला आकडा नसतो. एकच तुकडा हातात घेऊन निकाल देणाऱ्याची इथे हमखास विकेट पडते.

ग्रासिलारियावर दिसणाऱ्या घुमटाकार गाठींना रोग समजतात. फलनानंतर मादी शैवालावर येणारी ती बीजाणूंची घरं आहेत. कागदावर दाबलेल्या नमुन्यात तर गोल काडीही चपटी भासते. तुकडा पाण्यात भिजवून ब्लेडने आडवा काप घ्या, खरा आकार कळतो.

अँफिरोआ या चुना साठवणाऱ्या लाल शैवालाला अनेकजण प्रवाळ म्हणतात. आम्ल टाकून फेस आला तरी काही सिद्ध होत नाही, चुना दोघांतही असतो. अँफिरोआच्या कांड्यांमधले चुना नसलेले, लवचिक सांधे पाहावेत.

सगळ्यात मोठा भ्रम म्हणजे एका जातीचं रूप एकच असतं. पावसाळ्यात कोकणच्या खडकांवर पातळ पानासारखं पोर्फायरा वाढतं. शिंपल्यांत शिरून वाढणारे कॉन्कोसेलिस नावाचे सूक्ष्म धागे शास्त्रज्ञ वेगळी प्रजाती मानत. ते पोर्फायराच्याच जीवनचक्रातलं दुसरं रूप आहे, हे कॅथलीन ड्र्यू-बेकर यांनी 1949 मध्ये दाखवलं. त्या धाग्यांचं नातं पानाशी जुळवायला फांद्यांची ठेवण कुणाच्याच कामी आली नसती.