सुपरहिरोच्या बाहुल्याची पारख

धाराशिव जिल्ह्यात, लोहारा तालुक्यातील माकणी येथे ज्या तेरणा नदीवर निम्न तेरणा धरण उभे आहे, त्याच नदीच्या वरच्या अंगाला तेर हे गाव वसले आहे. प्राचीन व्यापारी नगर तगर ते हेच. तेथील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहनकाळातील मातीच्या लहान मानवाकृती जतन केलेल्या आहेत. त्यांतील काही केओलिन या पांढऱ्या मातीच्या असून, पुढचा आणि मागचा भाग वेगळ्या साच्यांत काढून त्या जोडलेल्या आहेत. आज तेरणाकाठच्या जत्रेत मिळणारा प्लॅस्टिकचा स्पायडरमॅनही तत्त्वतः असाच घडतो. मातीची जागा प्लॅस्टिकने घेतली, दोन साच्यांची युक्ती मात्र कायम राहिली.

जत्रेतील हा बाहुला शंभर रुपयांच्या आत मिळतो. मॉलमधील परवानाधारक कंपनीचा बाहुला हजार-दोन हजारांना पडतो, तर संग्राहकांसाठी आयात केलेली प्रतिमा पंचवीस-तीस हजारांपर्यंत जाते. ही तफावत पाहून ग्राहक गोंधळतो. महाग ते चांगले आणि सुरक्षित, अशी समजूत करून घेतो. वास्तविक अशा बाहुल्याची सुरक्षितता, घडण आणि दुर्मिळता या तीन स्वतंत्र गोष्टी आहेत. त्यांची परीक्षा वेगवेगळी करावी लागते.

'बाहुला' नको म्हणून

या खेळण्यांना 'ॲक्शन फिगर' हे नाव मिळाले ते १९६४ मध्ये. अमेरिकेतील हॅस्ब्रो कंपनीने 'जी. आय. जो' हा सैनिक बाजारात आणला, तेव्हा मुलगे 'बाहुली' विकत घेणार नाहीत या धास्तीने हा नवा शब्द योजण्यात आला. १९७२ पासून मेगो कंपनीने आठ इंची सुपरहिरोंची मालिका काढली. १९८४ मध्ये केनर कंपनीने सुपरमॅन-बॅटमॅनच्या, तर मॅटेलने स्पायडरमॅन आणि त्याच्या साथीदारांच्या मालिका आणल्या. केनरच्या सुपरमॅनचे पाय दाबले की हात ठोसा मारत असे. चित्रपट, चित्रकथा आणि खेळणे यांचे अर्थकारण तेव्हापासून एकमेकांत गुंतत गेले. आज बाहुल्याच्या किमतीतील काही वाटा त्या पात्राचे नाव वापरण्याच्या परवान्याचा असतो.

आधी सुरक्षितता

बाहुला मुलासाठी असेल, तर पहिला प्रश्न सुरक्षिततेचाच. भारतीय गुणवत्ता परिषदेने २०१९ मध्ये केलेल्या पाहणीत आयात खेळण्यांचे सुमारे ६७ टक्के नमुने चाचणीत अनुत्तीर्ण ठरले होते. त्यानंतर केंद्र सरकारने २०२० मध्ये खेळण्यांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला आणि १ जानेवारी २०२१ पासून तो लागू झाला. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह त्यामुळे बंधनकारक झाले. साध्या खेळण्यांना आयएस ९८७३, तर विजेवर वा बॅटरीवर चालणाऱ्यांना आयएस १५६४४ हे मानक लागू होते.

या चाचण्यांत टोकदार कडा, सुटणारे भाग आणि ज्वलनशीलता तपासली जाते. रंगातून शिसे, पारा, कॅडमियम यांसारखी द्रव्ये किती पाझरतात, तेही पाहिले जाते. शिशासाठीची मर्यादा किलोमागे ९० मिलिग्रॅम आहे. प्लॅस्टिक मऊ करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या थॅलेट रसायनांवरही बंधन आहे. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्याचा कोणताही सुटा भाग ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या ठरावीक नळकांड्यात पूर्ण मावता कामा नये. तो मावला, तर मुलाच्या घशातही अडकू शकतो.

चिन्ह छापलेले आहे एवढ्यावर मात्र समाधान मानू नये. त्याच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली 'सीएम/एल' या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक हवा. 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपवर तो क्रमांक टाकला, की परवाना कोणाचा आणि चालू आहे की नाही, हे कळते. ही खातरजमा महागड्या दुकानातही करावी. २०२३ च्या जानेवारीत विमानतळांवरील आणि मॉलमधील नामवंत दुकानांतूनही चिन्ह नसलेली खेळणी जप्त झाली होती. उग्र वास येणारा किंवा ओल्या पांढऱ्या फडक्याला रंग लागणारा बाहुला घरच्या घरी बाद करता येतो. शिसे मात्र डोळ्यांना दिसत नाही, ते प्रयोगशाळेतच कळते.

संग्राहकांच्या महागड्या प्रतिमेवर बहुधा 'चौदा वर्षांवरील व्यक्तींसाठी' असा शेरा असतो. तिचे बारीक हात, शस्त्रे आणि सुटे भाग लहान मुलाच्या हाती देण्यासाठी नसतात. तीस हजारांची वस्तू तीन वर्षांच्या मुलाला धोकादायक ठरू शकते, ती यामुळेच.

घडण कशी ओळखावी

दोन साचे जुळतात तेथे शिवण राहते. चांगल्या बाहुल्यात ती घासून काढलेली किंवा अंगाच्या घडीत लपवलेली असते, तर हलक्या बाहुल्यात खांद्यावर, कुशीत नखाला लागते. त्यानंतर डोळे पाहावेत. बुबुळे एका रेषेत आहेत का, मुखवट्याच्या कडेबाहेर रंग गेला आहे का, यावरून कारखान्याची शिस्त कळते. सांधे किती आहेत, यापेक्षा ते वाकवलेल्या स्थितीत टिकतात का, हे महत्त्वाचे. बाहुला आधाराविना दोन पायांवर उभा राहिला पाहिजे.

नक्कल ओळखण्याची एक तांत्रिक खूण आहे. नकली बाहुला अनेकदा अस्सल बाहुल्यावरूनच साचा घेऊन ओतला जातो. ओतकाम थंड होताना आकसते, त्यामुळे नक्कल किंचित लहान भरते आणि चेहऱ्याच्या बारीक रेषा बोथट होतात. खोक्यावर परवान्याची ओळ नसणे, पात्राच्या नावात स्पेलिंगची चूक असणे किंवा आयातदाराचा पत्ता नसणे, हीदेखील धोक्याची चिन्हे होत.

बाजारातील मोल

दुर्मिळतेचे गणित निराळेच. 'स्टार वॉर्स' मालिकेतील बोबा फेट या बाहुल्याच्या पाठीवर उडणारे अग्निबाण बसवण्याचा केनरचा १९७९ मधील बेत होता. दुसऱ्या एका कंपनीच्या खेळण्यातील क्षेपणास्त्र घशात अडकून मूल दगावल्यानंतर तो सोडून देण्यात आला. उरले ते मोजके नमुने. त्यांपैकी एक २०२४ च्या लिलावात ५ लाख २५ हजार डॉलरना विकला गेला. मुलांसाठी धोकादायक म्हणून जे नाकारले, तेच संग्राहकांसाठी अनमोल ठरले.

आपल्याकडील उदाहरण गोव्याशी निगडित आहे. एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या सहभागातून १९८७ मध्ये सुरू झालेल्या फनस्कूलने भारतात जी. आय. जो बनवले. त्यांतील काहींचे रंग परदेशी आवृत्तीहून अगदी वेगळे निघाले आणि आज परदेशातील संग्राहक नेमके तेच शोधतात. घराच्या माळ्यावर असा सैनिक सापडलाच, तर अंगठे शाबूत आहेत का, कमरेतील रबरी कडी तुटली आहे का, मूळ शस्त्र आणि पुठ्ठ्याचे वेष्टन सोबत आहे का, हे पाहावे. पाठीवर कोरलेले साल बहुधा स्वामित्वहक्काचे असते, निर्मितीचे नव्हे. '१९८२' कोरलेला बाहुला कितीतरी वर्षांनंतरही ओतलेला असू शकतो.

विक्रेत्याने सांगितलेली किंमत म्हणजे मोल नव्हे. तशीच वस्तू तशाच स्थितीत प्रत्यक्ष कितीला विकली गेली, हे पाहूनच अंदाज बांधावा. उन्हात ठेवलेले प्लॅस्टिक पिवळे पडते, तर दमट हवेत बंद राहिलेले पीव्हीसी चिकट होते. जपणूक नसेल, तर जुनेपणामुळे मोल वाढत नाही.

म्हणून खरेदीपूर्वी बाहुला कोणाच्या हाती जाणार, हे ठरवावे. मुलासाठी घ्यायचा असेल, तर परवाना क्रमांक तपासावा आणि तो खेळून तुटणार हे गृहीत धरावे. संग्रहासाठी घ्यायचा असेल, तर स्थिती आणि अस्सलपणा पाहावा, भाव वाढेलच अशी आशा मात्र बाळगू नये.