बर्गरचा मसाला आपल्याच डब्यातला

मुलं हल्ली वडापावासोबत बर्गरही मागतात. बचत गटाने स्टॉल लावायचा म्हटलं की मसाल्याच्या तयार पाकिटांवर पैसे जातात. ते वाचवता येतात. आमच्या बाळकुमला आगरी-कोळी घरांत उन्हाळ्यात वर्षाचा मसाला कांडून ठेवतात. मिरची, धणे, हळद, लवंग, दालचिनी त्यात असतेच. आपण फक्त थोडी भर घालायची.

चहाच्या चमच्याने प्रमाण घ्या: घरचा मसाला 4, भाजलेल्या जिऱ्याची पूड 2, मिरपूड 1, आमचूर 1 आणि सुंठ अर्धा चमचा. तुमच्याकडे गोडा मसाला असेल, तर तो 2 चमचे आणि मिरची पूड 2 चमचे घ्या. अर्धा किलो उकडलेल्या बटाट्याच्या साधारण 10 टिक्क्या होतात. त्यांना 2 चमचे मसाला पुरतो. लसूण ताजी ठेचून घाला.

मीठ मात्र टिक्क्या करतानाच घाला. मसाल्यात मिसळलं, तर पावसाळ्यात ते ओल धरतं आणि गुठळ्या होतात. भाजलेलं जिरं पूर्ण गार झाल्यावरच कुटा. कोरड्या बरणीत ठेवा आणि महिनाभर पुरेल एवढंच करा.

आता हिशेब. घरचा मसाला फुकट धरू नका. मिरची, गरम मसाला, कांडप आणि स्वतःची मजुरी यांची बेरीज करा, तिला तयार मसाल्याच्या किलोंनी भागा. जिच्या डब्यातून मसाला आला, तिला त्या भावाने पैसे द्या. नाहीतर बर्गर स्वस्त होतो, पण एकीचाच डबा रिकामा होतो.