दार कोणी उघडलं?

भुताचा सिनेमा समजून ‘इट कम्स अ‍ॅट नाइट’ लावलात, तर फसाल. ट्रे एडवर्ड शल्ट्सच्या या २०१७च्या सिनेमात भूत नाहीच. रात्री येतो तो संशय!

बाहेर जीवघेणी साथ. जंगलातल्या घरात पॉल, सारा आणि त्यांचा १७ वर्षांचा ट्रॅव्हिस स्वतःला कोंडून घेतात. जायला-यायला एकच लाल दार, तेही कुलूपबंद. मग विल बायको-मुलासह तिथे राहायला येतो. एकत्र जेवण, हसणं-खिदळणं सुरू होतं. तरी घरच्यांशिवाय कोणावरही विश्वास ठेवू नकोस, असं पॉल मुलाला बजावतो. आणि एका रात्री ते दार उघडं सापडतं.

कोणी उघडलं? सिनेमा ठाम सांगत नाही. पण भीतीला पुरावा कुठे लागतो?

२०२०चा लॉकडाऊन आठवा. घरात कोणी खोकलं की आपणही दचकून बघायचोच ना? म्हणून हा सिनेमा आज जास्त टोचतो.

बघून झाल्यावर ग्रुपमध्ये वाद घाला, दार कोणी उघडलं? मात्र तुम्ही ज्याचं नाव घ्याल, ते कशाच्या जोरावर, हेही स्वतःला विचारा.