टाच दुखते? दोष वाढलेल्या हाडाचा नव्हे

जोतिबाची चैत्र यात्रा झाली की दवाखान्यात टाचा धरून येणारे हमखास असतात. अशाच एक मावशी पिशवीतून एक्स-रे काढत म्हणाल्या, ''डॉक्टर, हाड वाढलंय म्हणं. आता ऑपरेशनच का?''

मी विचारले, ''सकाळी उठल्यावर पहिली पावलं टाकताना जीव जातो, आणि थोडं चाललं की सैल पडतं, होय ना?''

''अगदी तस्संच!''

निम्मे निदान तिथेच झाले. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखाली एक चिवट पडदा असतो. पावलाची कमान तो तोलून धरतो. सततच्या ताणाने तो टाचेपाशी दुखावतो. यालाच प्लँटर फॅसायटिस म्हणतात. रात्रभरात तो आखडतो आणि सकाळी एकदम भार पडला की कळ येते. एक्स-रेत दिसणारे वाढलेले हाड टाच कधीच न दुखलेल्या माणसांतही आढळते. त्याला घाबरू नये.

चाळिशी-साठीतली, वजनदार माणसे, ओट्यापाशी फरशीवर अनवाणी राबणाऱ्या गृहिणी, फाउंड्रीत दिवसभर उभे असणारे कामगार यांना हा त्रास जास्त. आपली कोल्हापुरी चप्पल अभिमानाची खरी, पण तिचा तळ सपाट आणि कडक. दुखणे असेपर्यंत ती लग्नकार्यापुरती ठेवा. घरातही मऊ, टाचेला किंचित उंच चप्पल घाला.

मुख्य औषध म्हणजे व्यायाम. अंथरुणातून उतरण्याआधीच दुखरे पाऊल दुसऱ्या गुडघ्यावर घ्या, बोटे हाताने नडगीकडे ओढा, दहा अंक मोजा. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. भिंतीला हात टेकून पोटरीही ताणा. संध्याकाळी पाणी गोठवलेली बाटली तळव्याखाली फिरवा. रंकाळ्याच्या फेऱ्या काही आठवडे कमी करून सायकल चालवा. बहुतेकांना यानेच आराम पडतो, पण महिने लागतात आणि लोक आठ दिवसांतच कंटाळतात! टाचेतल्या इंजेक्शनाने तात्पुरते बरे वाटते. वारंवार घेतल्यास पडदा तुटण्याची भीती असते.

तापल्या विटेवर रुईचे पान ठेवून शेकण्याची आपल्याकडे रीत आहे. मधुमेह्यांनी ती कटाक्षाने टाळावी. बधिर टाच भाजलेली कळत नाही आणि जखम महिनोन्‌महिने चिघळते. बर्फही त्यांनी विचारूनच वापरावा.

टाच सुजली, ताप आला, रात्री पडल्या पडल्याही ठणकू लागली, मुंग्या येऊ लागल्या, किंवा तरुण मुलाच्या दोन्ही टाचांबरोबर सकाळी कंबरही आखडू लागली, तर मात्र दुखणे वेगळे असू शकते. तेव्हा व्यायामावर न विसंबता डॉक्टरांना दाखवा.