मेंढरं का पळाली?

आयर्लंडच्या किनाऱ्यावरचा हिरवागार उतार. कॅमेरा समुद्राकडून वर येतो, कडा ओलांडतो आणि खाली मेंढ्यांचा कळप दिसतो. तिथे माझं वाक्य होतं, ‘इथे घाई कुणालाच नाही.’ स्टुडिओत ते सगळ्यांना आवडलं होतं. कार्यक्रम लागला त्या रात्री आईने चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, “घाई नाही म्हणतेस, मग मेंढरं का पळतायत?”

आई माणदेशातली. रानाला खत मिळावं म्हणून शेतात मेंढरं बसवायची, ते बघत वाढलेली. “चरायला लागली की मेंढरं पांगतात,” ती म्हणाली. “अशी एका अंगाला गोळा होऊन पळाली म्हणजे कायतरी आलंय. लांडगा नाहीतर कुत्रं. इथे काय आलंय?”

आलं होतं हेलिकॉप्टर. पण ते दिसत नव्हतं आणि ऐकूही येत नव्हतं. ऐकू येत होती ती बासरी, आणि बासरीखाली हलकासा वारा.

मी अशा हवाई सफरींच्या कार्यक्रमांना मराठी निवेदन लिहून देते. डबिंगच्या धंद्यात हे काम सोपं मानतात, कारण पडद्यावर कुणी तोंड हलवत नाही. ओठांशी शब्द जुळवण्याची कटकट नाही. गढी येते, नदी येते, द्राक्षमळे येतात, आपण वरून बोलायचं. अमेरिकेत स्मिथसोनियन वाहिनीने 2010 पासून ‘एरिअल अमेरिका’ नावाने एकेका राज्यावर असे भाग काढले. त्यात जमिनीवर उतरून कुणाची मुलाखत वगैरे भानगड नाही. त्याआधी न्यूयॉर्कजवळच्या डब्ल्यूएलआयडब्ल्यू या सार्वजनिक केंद्राने ‘व्हिजन्स ऑफ इटली’सारख्या फिल्म केल्या. तिथली सार्वजनिक केंद्रं देणग्यांवर चालतात, आणि देणगीच्या मोहिमेत या फिल्म हमखास लावायच्या. आजोबांचं गाव आकाशातून दिसलं की इटालियन वंशाचा माणूस फोन उचलतो, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. आपल्याकडे गणपतीच्या आधी कोकण दाखवावं, तसंच.

तर आईच्या प्रश्नानंतर मी स्टुडिओत गेले आणि रेकॉर्डिस्टला म्हटलं, त्या भागाचा मूळ आवाज ऐकव. डबिंगला माल येतो तो तीन पदरांत: चित्र, निवेदन, आणि ‘एम अँड ई’ म्हणजे संगीत नि बाकीचे आवाज. त्याने निवेदन बंद केलं, संगीतही खाली आणलं. लाटा, वारा, लांबून एक चर्चची घंटा.

“यातलं तिथलं काय आहे?” मी विचारलं.

“काहीच नाही ताई. हेलिकॉप्टरमध्ये माइक लावून काय मिळणार? नुसती घरघर. पायलटचं बोलणंसुद्धा हेडफोनशिवाय ऐकू येत नाही. हे सगळं नंतर खाली बसून टाकलेलं.” मग त्याने ग्रीसचा भाग उघडला आणि लाटा वाजवल्या. त्याच लाटा. तीन छोट्या, मग एक मोठी, मग खडे ओढल्यासारखी सळसळ. आयर्लंडचा अटलांटिक आणि ग्रीसचं एजियन एकाच ताटात वाढलेलं. तेव्हापासून मला ती मोठी लाट कुठेही ओळखू येते, आणि ओळखू आली की चित्रातलं लक्ष उडतं.

पडद्यावर जी शांतता दिसते ती अशी कारखान्यात बनते. आणि तिचा खरा कारखाना आवाजाचा नाही, थरथरीचा आहे.

हेलिकॉप्टर हे मुळात थरथरणारं यंत्र. आता हिशेब करा: कॅमेरा एक किलोमीटरवरून एखाद्या प्राण्याकडे रोखलाय आणि एका अंशाने हलला. एकच अंश. तेवढ्यात नेम सुमारे 17 मीटर सरकतो. प्राणी चौकटीतून गेला, परत आला, परत गेला. बघणाऱ्याला उलटी येईल.

यावर पहिल्यांदा जिवापाड खटपट करणाऱ्यांत एक फ्रेंच दिग्दर्शक होता, आल्बेर लामोरिस. ‘द रेड बलून’वाला. या छोट्या फिल्मला कानचा पुरस्कार मिळाला आणि पटकथेचं ऑस्करही. (‘रिस्क’ हा जगभर खेळला जाणारा पटावरचा युद्धाचा खेळही याच माणसाने शोधला. काही लोकांना एका जन्मात किती जमतं!) त्याने हेलिकॉप्टरचे हादरे कॅमेऱ्यापर्यंत पोचू नयेत म्हणून ‘हेलिव्हिजन’ नावाची व्यवस्था तयार केली आणि तिच्यावर 1960 साली फुग्यातून फ्रान्स बघण्याची फिल्म काढली. पुढे इराण सरकारने त्याला देशाचं हवाई चित्रण करायला बोलावलं. त्याने फिल्म केली आणि निवेदक केलं वाऱ्याला. वारा सांगतो, मी इथून वाहिलो, तिथून वाहिलो. मला या कल्पनेचा हेवा वाटतो. ‘समुद्रसपाटीपासून अमुक मीटर उंचीवर वसलेलं’ असं लिहिण्यापेक्षा केव्हाही बरं.

पण फिल्ममध्ये जुनं इराण फार आणि नवं कमी, असं सरकारी मंडळींना वाटलं. धरणं, कारखाने हवेत. लामोरिस परत गेला. 1970 च्या जूनमध्ये तेहरानजवळ कारज धरणाचं चित्रण करताना हेलिकॉप्टर कोसळलं आणि तो गेला. त्याच्या टिपणांवरून बायको-मुलाने फिल्म पुरी केली; 1978 मध्ये ती आली आणि ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचली. ‘आणखी दोन-चार शॉट घेऊन या ना’ हे वाक्य आमच्या धंद्यात रोज कानावर पडतं. कारजचा किस्सा कळल्यापासून मला ते सहज ऐकता येत नाही.

थरथरीचा पक्का बंदोबस्त केला तो लष्कराने. कॅनडातल्या वेस्टिंगहाउस कंपनीत रणांगणावर नजर ठेवण्यासाठी एक गोळा तयार झाला: आत कॅमेरा, भोवती गरगर फिरणारे जायरोस्कोप. भोवरा फिरत असताना कलंडत नाही, तेच तत्त्व. बाहेर हेलिकॉप्टर कितीही हिसके देवो, आतला कॅमेरा जागचा हलत नाही. हाच पुढे ‘वेसकॅम’ म्हणून सिनेमा-टीव्हीत आला. आजही त्या घराण्यातले गोळे लष्करी ड्रोनच्या पोटाखाली लटकतात. टस्कनीतलं सूर्यफुलांचं शेत आणि एखाद्या युद्धातला रणगाडा एकाच जातीच्या डोळ्याने टिपलेला असू शकतो. हे मी आईला सांगितलेलं नाही.

मेंढरांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र 2006 च्या आसपास मिळालं. बीबीसीने ‘प्लॅनेट अर्थ’ ही मालिका एचडीत केली तेव्हा ‘सिनेफ्लेक्स’ नावाचा नवा गोळा वापरला. त्यात लांब पल्ल्याची भिंगं बसायची आणि चित्र तरीही स्थिर राहायचं. म्हणजे हेलिकॉप्टरला जनावराच्या डोक्यावर जायची गरजच उरली नाही. बोट्स्वानातल्या ओकावांगोमध्ये रानकुत्र्यांनी इम्पाला हरणांची शिकार केली, ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत आकाशातून टिपली गेली. कुत्री कशी पांगली, वाट कशी अडवली, हे जमिनीवरून कुणालाच नीट दिसलं नव्हतं. आणि मुख्य म्हणजे कुत्र्यांनी वर पाहिलंही नाही. आमच्या आयर्लंडवाल्यांचं बजेट तेवढं नसावं.

या गोळ्यांच्या वंशावळीत पुढे एक पुणेकर येतो. न्यूझीलंडमधल्या क्वीन्सटाउनला ‘शॉटओव्हर के-वन’ नावाची यंत्रणा तयार झाली. कॅमेरा सहा अक्षांवर स्थिर ठेवणारी, आणि विशेष म्हणजे थेट पायाखाली बघतानाही चौकट नीट सांभाळणारी. सरळ खाली बघणं ही जुन्या गोळ्यांची दुखरी नस होती. 2018 साली या कामासाठी ऑस्करच्या अकादमीने चौघांना तंत्रविभागाचा पुरस्कार दिला. त्यातले एक विकास साठ्ये. आधी पुण्याच्या कमिन्स कॉलेजात शिकवायचे. बातमी आली त्या दिवशी आमच्या रेकॉर्डिस्टने सगळ्यांना वडापाव खिलवला. त्याची चुलतबहीण त्याच कॉलेजात शिकली होती, एवढंच नातं.

कॅमेरामन म्हटल्यावर दार उघडं टाकून, पाय बाहेर सोडून बसलेला धाडसी माणूस डोळ्यांसमोर येतो. पूर्वी तसं होतंही. आता तो आत बसतो, मांडीवर कळफलकासारखी पेटी, हातात जॉयस्टिक, समोर छोटा पडदा. खाली आल्प्स पसरलेला असतो आणि हा खिडकीबाहेर बघतच नाही. हेलिकॉप्टर डावीकडे कलतं, पडद्यावरचं चित्र उजवीकडे सरकतं, पोटाला काय समजायचं ते समजत नाही. भल्याभल्यांना मळमळतं. अर्धं काम खरं तर पायलटचं. तो वळण सावकाश घेतो म्हणून आपल्याला सोफ्यावर झोप येते.

बारीकसारीक युक्त्या तर विचारू नका. ठिकाणावर पोचेपर्यंत कॅमेऱ्याचं तोंड मागे फिरवून ठेवतात, कारण समोरून येणारा एक किडा काचेवर फुटला की खाली उतरून पुसण्याशिवाय इलाज नाही. सूर्य पाठीशी घेतला तर हेलिकॉप्टरची सावलीच चौकटीत पळायला लागते, म्हणून ऊन शक्यतो बाजूने किंवा समोरून घ्यायचं. सकाळ-संध्याकाळचं चित्रण सुंदर दिसतं ते नुसत्या सोनेरी रंगामुळे नाही. लांब सावल्यांमुळे उंचसखल कळतं. भर दुपारी वरून डोंगरही गोधडीसारखा सपाट दिसतो.

आणि हे सगळं एचडी नसताना फुकट होतं. जुन्या टीव्हीचं चित्र 720 गुणिले 576 ठिपक्यांचं, म्हणजे चार लाखांच्या थोडं वर. एचडीत 1920 गुणिले 1080, वीस लाखांहून जास्त. पाचपट. जुन्या पडद्यावर दिग्दर्शक दूरचे शॉट टाळायचे, कारण माणूस मुंगीएवढा झाला की तो माणूस राहायचाच नाही, डाग व्हायचा. एचडीत मुंगीला पाय दिसायला लागले. आईला मेंढरं पळताना दिसली ती याच पाचपटीमुळे. जुन्या डब्यावर तो कळप म्हणजे सांडलेला भात दिसला असता आणि माझं वाक्य खपून गेलं असतं.

आपल्याकडे 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धा दूरदर्शनने एचडीत दाखवल्या, मग घरोघरी मोठे पडदे आले. दुकानात असे हवाई व्हिडिओच लावलेले असायचे, रंग भडक करून. घरी आणल्यावर तक्रार: दुकानातल्यासारखं दिसत नाही. आमच्या मामांनी टीव्ही परत करायची तयारी केली होती. मी जाऊन मागे बघितलं, तर सेट टॉप बॉक्सला तीच जुनी पिवळी-लाल-पांढरी वायर. त्या पिवळ्या वायरीतून एचडी जातच नाही. एचडीएमआय केबल टाकली, एचडी चॅनेलचा पॅक घेतला, मामा गप्प. पावसाळ्यात पुन्हा फोन: समुद्र आला की चौकोन चौकोन पडतात. त्यालाही कारण आहे. प्रक्षेपणात प्रत्येक चित्र पूर्ण पाठवत नाहीत, आधीच्या चित्रापेक्षा जे बदललं तेवढंच पाठवतात. बातम्या देणाऱ्या बाईंचे ओठ तेवढे हलतात, बाकी सगळं स्थिर, काम स्वस्तात होतं. हवाई चित्रणात कोपरान् कोपरा सरकत असतो, त्यात लाटा आणि पानं म्हणजे कहर. वाहिनीने तिथे हात आखडता घेतला की जंगलाचं शेवाळ होतं. पावसाने सिग्नलच अडवला तर चौकोन.

आई आता जुलैत ‘तूर द फ्रान्स’ बघते. सायकलींतलं तिला ओ की ठो कळत नाही. ती किल्ले बघते, आणि शेतकऱ्यांनी हेलिकॉप्टरला दिसावी म्हणून गवताच्या गंज्या नि ट्रॅक्टर मांडून केलेली भलीमोठी सायकल. तिथे किल्ला अचानक दिसत नाही. शर्यतीच्या कितीतरी आधी दिग्दर्शकाची माणसं मार्ग पालथा घालून टिपणं काढतात, कुठल्या किलोमीटरला कुठली गढी. मोटारसायकलींवरच्या कॅमेऱ्यांची चित्रं आकाशात घिरट्या घालणाऱ्या विमानांकडे जातात आणि तिथून शेवटच्या रेषेजवळच्या ट्रकमध्ये उतरतात. हवा बिघडून विमानं-हेलिकॉप्टरं अडकली की जगभरचे पडदे मुके होतात आणि निवेदक जुन्या आठवणी काढत बसतात. त्यांच्याबद्दल मला फार सहानुभूती आहे.

मागच्या महिन्यात स्कॉटलंडचा एक भाग आला. पुन्हा उतार, पुन्हा कळप, आणि कॅमेरा जवळ येताच कळप एका अंगाला गोळा होऊन सुटला. मूळ इंग्रजी निवेदनात तिथे कालातीत शांततेबद्दल लांबलचक काहीतरी होतं. मी त्या नऊ सेकंदांत काहीच लिहिलं नाही. रेकॉर्डिस्टने काचेपलीकडून अंगठा हलवून विचारलं, राहिलं का काही?

“नाही,” मी म्हटलं. “रिकामंच ठेव.”

“मग वारा वाढवू थोडा?”

“वाढव,” मी म्हटलं. “चांगला जोरात वाढव.”