मेमरीचा सातबारा

संगणक अडला की उपाय ठरलेला असायचा: रॅम वाढवा. कामथडी, कापूरहोळ, चेलाडी फाटा, नसरापूर, तिकडे भोरची बाजारपेठ, या पट्ट्यात ज्यांच्या टेबलावर पहिल्यांदा संगणक आला त्यांनी हा सल्ला कधी ना कधी ऐकलाय, आणि पुण्याला जाऊन रॅमची पट्टी आणून बसवलीही आहे. चार दिवस बरं चालायचं. पुन्हा निळा पडदा. गेल्या पंचवीस-तीस वर्षांचा हिशेब मांडायला बसलं की वाटतं, सल्ला खोटा नव्हता, पण रोग दुसराच होता. जागा कमी पडत होती त्यापेक्षा जागेचा हिशेब कुणी नीट ठेवत नव्हतं.

पुणे-सातारा रस्त्यालगतच्या गावांना संगणक आला तो बहुतेक वापरलेला. शहरातल्या कचेरीनं टाकलेलं यंत्र, सोबत कुणीतरी भरून दिलेली विंडोज ९८. त्यामुळे जगाला १९९८ मध्ये जो त्रास झाला तो आपल्याकडे २००४-०५ पर्यंत मुक्कामाला होता. २००१ मध्ये एमकेसीएलनं एमएस-सीआयटी सुरू केलं, सरकारी नोकरीला ते प्रमाणपत्र लागायला लागलं, आणि फाट्याफाट्यावर वर्ग निघाले. पहिल्यांदा माऊस हातात धरलेल्या पोराच्या समोर इंग्रजीत खिडकी उघडायची: या प्रोग्रॅमनं इल्लिगल ऑपरेशन केलं आहे, तो बंद करण्यात येत आहे. बेकायदा! पोरगं हात मागे घ्यायचं, "सर, मी काही नाही केलं." खरंच त्यानं काही केलेलं नसायचं.

निळ्या पडद्यावरचा मजकूर तेव्हा कुणी वाचला नाही, पण वाचण्यासारखा होता. ‘फेटल एक्सेप्शन ०ई’ हे त्यातलं नेहमीचं वाक्य. ०ई म्हणजे सोळाच्या मोजणीतले चौदा. प्रोसेसरच्या यादीत चौदा नंबरची तक्रार आहे पेज फॉल्टची: कुणीतरी मेमरीच्या अशा पानाला हात घातला जे त्या वेळी तिथं नव्हतंच, किंवा त्याला दिलेलं नव्हतं. म्हणजे यंत्र दर वेळी दुखणं कुठं आहे ते सांगत होतं.

रॅम वाढवूनही भागत का नव्हतं, याचं एक कारण तर अगदी मोजून दाखवता येतं. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये खिडक्या, मेनू, फॉन्ट, चित्रं यांची नोंद ठेवायला काही ठरावीक कप्पे होते. त्यातले महत्त्वाचे कप्पे जुन्या सोळा-बिटी विंडोजकडून आलेले आणि ६४ केबीचे. मशीनमध्ये ३२ एमबी घाला नाहीतर २५६ एमबी घाला, कप्पा ६४ केबीचाच. लग्नपत्रिका करणाऱ्या डीटीपीवाल्याला हे सगळ्यात आधी कळलं, कारण पेजमेकरमध्ये पाच-सहा मराठी फॉन्ट, दोन गणपती आणि एक वेलबुट्टीची चौकट उघडली की हे कप्पे भरत यायचे. माय कॉम्प्युटरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘सिस्टिम रिसोर्सेस’ म्हणून टक्केवारी दिसायची. ती खाली आली की चतुर माणूस काम सेव्ह करून मशीन स्वतःच बंद करून चालू करायचा. त्या पिढीचा डावा हात अजूनही आपोआप कंट्रोल आणि एसवर जातो.

आमच्या भागात मेमरीचं हे सगळं प्रकरण समजावायचं तर सातबारा काढावा. रॅम म्हणजे शिवार. प्रत्येक चालू प्रोग्रॅमला त्यातला तुकडा मिळतो, काम झालं की तो परत करायचा. १९७० च्या दशकात सी भाषा आली तिनं हा सगळा कारभार प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या हाती दिला: जागा मागायचीही त्यानंच, सोडायचीही त्यानंच. मग जे शिवारात होतं तेच इथं. कुणी बांध कोरून शेजारच्या रानात शिरतो, हा बफर ओव्हरफ्लो. कुणी जमीन विकून बसतो आणि जुन्या उताऱ्यावर पुन्हा पेरायला जातो, तोवर तिथं दुसऱ्याचं पीक उभं असतं. कुणी तुकडा घेतो आणि सोडायचंच विसरतो, हा मेमरी लीक. विंडोज ९८ मध्ये तर पुष्कळसं रान सामाईकच होतं. एका प्रोग्रॅमनं चूक केली की कारभारी यंत्रणेच्या स्वतःच्या जागेवरही नांगर फिरायचा, आणि मग सगळ्या गावाचाच व्यवहार ठप्प.

त्याच विंडोज ९५ आणि ९८ मधली एक गंमत राहून जायला नको. मशीन ४९.७ दिवस सलग चालू राहिलं तर ते अडायचं, कारण मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटांचा आकडा तेवढ्यात भरतो. ही चूक उघडकीला यायला काही वर्षं लागली. विंडोज तेवढे दिवस बंद न पडता चालल्याचं कुणी पाहिलंच नव्हतं. भारनियमनाच्या काळात आपल्याकडे तर ती कधी सापडलीच नसती.

खरा फरक पडला तो ऑक्टोबर २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीनं. तिच्या पोटात एनटीचा गाभा होता, १९९३ पासून कचेऱ्यांच्या सर्व्हरवर मुरलेला. प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतःचं कुंपण. एक मेला तर एकटा मरतो, बाकीचे चालू. गावाकडे एक्सपी पोचल्यावर निळा पडदा पाहुण्यासारखा क्वचित यायला लागला. गंमत म्हणजे त्या काळात बहुतेकांनी श्रेय दिलं ते नव्या रॅमलाच, कारण एक्सपी चालवायला ती घ्यावीच लागली होती!

पण कुंपण प्रोग्रॅमच्या भोवती होतं, आतल्या बांधांवर पहारा नव्हताच. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा किडा फिरला. एक्सपीच्या आतल्याच एका सेवेतला बांध कोरून तो शिरायचा, आणि पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू व्हायची. त्यावरची दुरुस्ती इंटरनेटवरून उतरवायची, तर डायलअपवर ती उतरायच्या आत मशीन बंद.

आता थोडं पवईला जावं लागेल, कारण या गोष्टीतला एक चांगला धागा तिथं विणला गेला आणि मराठीत त्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही. आयआयटी मुंबईतले धनंजय ढमढेरे हे नाव संगणक शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं, परीक्षेच्या आदल्या रात्रीमुळे. सिस्टिम्स प्रोग्रॅमिंग आणि ऑपरेटिंग सिस्टिम्सवरचं त्यांचं जाडजूड पुस्तक पुण्यात पिढ्यांनी घोकलं. त्यांच्याकडे पीएचडी केलेले उदय खेडकर काही वर्षं पुणे विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात होते, मग आयआयटीत गेले. प्रोग्रॅम न चालवता, नुसता वाचून, तो पुढे काय करील याचा माग काढणं हा त्यांचा विषय.

जागा सोडायला माणूस विसरतो, तर ते काम यंत्रानंच करावं, ही युक्ती जुनी आहे. जॉन मॅकार्थीनं १९५९-६० च्या सुमाराला लिस्प भाषेत ती आणली, आणि १९९५ मध्ये जावानं ती घराघरांत पोचवली. हिला गार्बेज कलेक्शन म्हणतात. मधूनमधून एक झाडूवाला फिरतो, ज्या तुकड्यापर्यंत कुठल्याच नावावरून पोचता येत नाही तो ताब्यात घेतो. यात एक मोठी पळवाट आहे. नाव उताऱ्यावर आहे, पण तो माणूस मुंबईला गेलाय आणि पुन्हा कधीच कसायला येणार नाही, असे तुकडे झाडूवाल्याला दिसत नाहीत. त्याच्या लेखी नाव आहे म्हणजे वापर आहे. म्हणून जावातले प्रोग्रॅमही फुगत जातात आणि एक दिवस मेमरी संपली म्हणून पडतात.

खेडकर, अमिताभ सन्याल आणि अमेय करकरे यांनी २००७ मध्ये नेमकं यावर बोट ठेवलं. त्यांची पद्धत प्रोग्रॅम आधीच वाचून काढते आणि ठरवते, या ओळीनंतर या रस्त्यानं कुणी जाणार नाही. मग तिथं एक साधी ओळ घालते: हे नाव कोरं करा. झाडूवाला तोच, त्याची सवय तीच, पण आता त्याला खरं पडीक रान दिसतं. अवघड भाग असा की मेमरीत एकमेकांना बांधलेल्या साखळ्या कितीही लांब असू शकतात, त्यांचा माग मर्यादित कागदावर कसा मांडायचा? त्यासाठी त्यांनी प्रवेशाच्या वाटांचे आलेख वापरले, पुनःपुन्हा येणारी वळणं एकत्र गुंडाळून. मला यातलं आवडतं ते हे की यंत्राला एक बाइटही जास्त मागितलेली नाही.

इकडे पुण्यात हडपसरला टाटांचं टीआरडीडीसी हे संशोधन केंद्र १९८१ पासून. तिथल्या मंडळींनी गाड्यांमधल्या सी प्रोग्रॅमची तपासणी करणारं अवजार बांधलं: कुठं शून्यानं भागाकार होतोय, कुठं यादीच्या टोकापलीकडे हात जातोय, हे गाडी रस्त्यावर यायच्या आत सांगणारं. अशा अवजारांचं कायमचं दुखणं खोट्या इशाऱ्यांचं. शंभर ठिकाणी शंका घेतली आणि खरी निघाली दोनच, तर अभियंता पुढच्या वेळी वाचतच नाही. तिथलं बरंचसं कष्टाचं काम हे इशारे गाळण्याचं आहे. कामथडीवरून रात्रंदिवस जाणाऱ्या ट्रक-मोटारींच्या इंजिनात बसलेले छोटे संगणक याच जगातले. त्यांना रॅम वाढवा म्हणायची सोयच नाही. मोटारउद्योगासाठी १९९८ मध्ये आलेल्या मिस्रा सी नियमांनी तर सरळ सांगून टाकलं की चालत्या कामात जागा मागायचीच नाही. जेवढी लागेल तेवढी सुरुवातीलाच मोजून ठेवा. कडक वाटतं, पण घाटात ब्रेक दाबल्यावर निळा पडदा परवडत नाही.

सगळे उपाय इतके शिस्तीचे नव्हते. २००६ मध्ये अमेरिकेतल्या एमरी बर्गर आणि बेंजामिन झॉर्न यांनी डायहार्ड नावाची एक बेधडक कल्पना मांडली: चुका आहेत, त्या राहणार, मग चुकलेला हात शेजाऱ्याला लागणारच नाही असं करा. तुकडे सलग न देता मोठ्या रानात कुठंही, सोडत काढल्यासारखे द्यायचे, मध्ये भरपूर जागा मोकळी सोडून. बांध ओलांडला तरी बहुधा मोकळ्या जागेतच पाय पडतो. २००९ च्या विंडोज ७ मध्ये याच जातीची सोय आली. एखादा प्रोग्रॅम वारंवार पडतोय असं दिसलं की यंत्रणा त्याला थोडी जादा जागा द्यायची, आणि त्यानं सोडलेली जागा लगेच दुसऱ्याला न देता जरा थांबायची. इथं मात्र रॅमवाल्यांचा सल्ला खरा ठरला. फरक एवढाच की जादा जागा कशासाठी खर्च होतेय हे इथं कुणीतरी ठरवलं होतं.

२०११ च्या सुमाराला ‘संग्राम’ योजनेतून ग्रामपंचायतींमध्ये संगणक बसले, पुढे त्यांची आपले सरकार सेवा केंद्रं झाली. त्याबद्दल लिहायचं तर वेगळा लेख लागेल, आणि त्यात मेमरीपेक्षा वीज आणि रेंज यांचाच भाग जास्त असेल. गावाचा खरा संगणक तोवर खिशात आला होता. २०१६ मध्ये जिओ आलं तेव्हा हातातले फोन बरेचसे एक-दोन जीबी रॅमचे, पुढच्या वर्षी आलेला जिओफोन तर ५१२ एमबीचा. अँड्रॉइडनं इथं वेगळा मार्ग धरला. जागा कमी पडली की ज्या अ‍ॅपची सध्या सगळ्यात कमी गरज आहे ते गुपचूप बंद करायचं. निळा पडदा नाही, इशारा नाही. फॉर्म भरता भरता फोटो काढायला कॅमेरा उघडला आणि परत आलो तर फॉर्म कोरा, हा अनुभव त्यातलाच. त्यावर लोकांनी ‘रॅम क्लीनर’ उतरवले, दर पाच मिनिटांनी सगळं पुसायला. पुसलेलं अ‍ॅप पुन्हा मुळापासून उघडावं लागतं, त्यात बॅटरी जास्त जाते. यंत्र स्वतः करत असलेलं काम त्याच्या हातून काढून घेऊन वाईट करायचं, यापलीकडे त्या अ‍ॅपांचा उपयोग नव्हता.

मुळावर घाव घालायला नवी भाषा लागली. २००६ मध्ये व्हँकूवरला ग्रेडन होर नावाचा प्रोग्रॅमर एकविसाव्या मजल्यावरच्या घरी पायऱ्या चढून गेला, कारण लिफ्टचं सॉफ्टवेअर पडलं होतं. त्यातून त्यानं रस्ट भाषेला सुरुवात केली, आणि २०१५ मध्ये तिची पहिली पक्की आवृत्ती आली. रस्टमध्ये प्रत्येक तुकड्याला एका वेळी एकच मालक. दुसऱ्याला तो उसना देता येतो, पण कोण वाचणार, कोण बदलणार, किती वेळ, हे आधी जुळलं नाही तर प्रोग्रॅम तयारच होत नाही. रस्टचा कंपायलर ज्या पायावर उभा आहे तो एलएलव्हीएम २००० मध्ये इलिनॉय विद्यापीठात क्रिस लॅटनर आणि त्याचे मार्गदर्शक विक्रम अडवे यांनी सुरू केला. हे अडवे १९८७ चे आयआयटी मुंबईचे पदवीधर. सी भाषेतल्या मेमरीच्या चुका पकडणारा सेफकोड प्रकल्पही त्यांच्याच गटाचा. अनेक प्रोसेसर एकाच मेमरीत वाचू-लिहू लागले तर कुणाला काय दिसावं, याचे नियम घालून देण्यात सरिता अडवे यांचं नाव अग्रभागी येतं. त्याही पवईच्याच, त्याच वर्षीच्या.

रस्टसारख्या भाषांचं फळ आता आकड्यांत दिसतं. मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये सांगितलं की त्यांच्या सुरक्षेच्या चुकांपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या असतात. गूगलच्या हिशेबानं अँड्रॉइडमध्ये हे प्रमाण २०१९ मध्ये ७६ टक्के होतं, २०२४ मध्ये २४ वर आलं. जुना कोड त्यांनी सगळा बदलला नाही, नवा तेवढा सुरक्षित भाषेत लिहिला. जुन्यातल्या चुका सापडत, दुरुस्त होत कमी होत गेल्या.

आणि तरीही १९ जुलै २०२४ च्या सकाळी निळा पडदा जगभर परत आला. क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरला एक फाइल गेली. तिच्या नमुन्यात २१ रकाने होते, माहिती पुरवली जात होती २० चीच. सॉफ्टवेअर एकविसावा वाचायला टोकापलीकडे गेलं. साधा प्रोग्रॅम असता तर एकटा मेला असता. हा विंडोजच्या गाभ्यात बसलेला, म्हणून सुमारे ८५ लाख यंत्रं पडली आणि विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहावे लागले. एका रकान्याचा बांध! भोर-वेल्ह्याकडच्या संगणकांना त्याची झळ लागायचं कारण नव्हतं, एवढं महाग सॉफ्टवेअर इथं कोण घेतो?

इथं काळजी निराळी आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला. बरीच जुनी यंत्रं विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत, म्हणून शहरातल्या कचेऱ्या ती काढून टाकणार आणि अशी यंत्रं कात्रजच्या अलीकडे स्वस्तात येतात हा आपला पंचवीस वर्षांचा अनुभव. आठ जीबी रॅम, बरी हार्डडिस्क, विकणारा ते अभिमानानं दाखवील. यापुढे त्या विंडोजमध्ये मेमरीची जी नवी चूक सापडेल ती दुरुस्तीच्या जादा योजनेत नाव घातलं नसेल तर तशीच राहील. घेणाऱ्यानं रॅमच्या आधी ते विचारावं.