ख्रिस्ती वाङ्मय आणि प्रामाणिक वाचक

धर्माची बाजू घेऊन लिहिलेल्या पुस्तकाविषयीं खरें मत देणें दिसतें तितकें सोपें नाहीं. पुस्तक स्वधर्माचें असेल तर त्याचे दोष दाखविणें म्हणजे श्रद्धेस उणेपणा आणणें असें वाटतें. परधर्माचें असेल तर त्याचे गुण मान्य करणें म्हणजे स्वपक्षाशीं द्रोह करणें असें वाटतें. मराठींतील ख्रिस्ती वाङ्मयाच्या वाट्याला, कांहीं थोडे ग्रंथ सोडले तर, हे दोन्ही प्रकार आले. मंडळींत स्तुति झाली ती उपदेशाच्या शुद्धतेबद्दल, आणि मंडळीबाहेर उपेक्षा झाली ती न वाचतांच. ह्या दोहोंमध्यें पुस्तकाचा खरा कस मात्र लागावयाचा राहून जातो.

हा कस लावण्याची रीत साधी आहे. ग्रंथाचें मत कोणतें, हा प्रश्न घटकाभर बाजूस ठेवावा आणि तीन गोष्टी पाहाव्या. त्याची भाषा वाचकाच्या ओळखीची आहे काय? त्यांतील माणसें जिवंत आहेत काय? आणि विरुद्ध पक्षास आपलें म्हणणें मांडावयास त्यांत जागा मिळते काय?

पहिल्या कसोटीस फादर टॉमस स्टीफन्स ह्यांचें ‘क्रिस्तपुराण’ पुरेपूर उतरतें. हा इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यास आला. त्याचा ग्रंथ १६१६ सालीं राशोल येथें रोमन लिपींत छापला गेला. सुमारें अकरा हजार ओव्यांत त्यानें जुन्या व नव्या करारांतील कथा पुराणाच्या थाटानें सांगितली. नवख्रिस्ती श्रोत्यांना पुराणश्रवणाची जी गोडी होती ती त्यानें मोडली नाहीं. स्वर्गाला वैकुंठ म्हणावयासहि तो कचरला नाहीं. त्यामुळें दूर देशची कथा मराठी कानास परकी लागत नाहीं. एकोणिसाव्या शतकांतील पुष्कळ मिशनरी भाषांतरांत हें साधलें नाहीं. तेथें शब्द मराठी, पण वाक्याची घडण इंग्रजी, असा प्रकार वारंवार आढळतो.

दुसऱ्या व तिसऱ्या कसोटीसाठीं बाबा पदमनजी ह्यांचें ‘यमुनापर्यटन’ घ्यावें. बेळगांवास १८३१ सालीं जन्मलेल्या पदमनजींनीं १८५४ सालीं बाप्तिस्मा घेतला, आणि १८५७ सालीं ही कथा प्रसिद्ध केली. मराठींतील पहिली कादंबरी म्हणून अनेक अभ्यासक हिच्याकडेच बोट दाखवितात. विधवांच्या पुनर्विवाहास मान्यता देणारा कायदा आदल्याच वर्षीं, १८५६ सालीं, झाला होता; परंतु कायद्यानें घरांतील रीत बदलत नाहीं. यमुना व तिचा पति विनायक प्रवासास निघतात, ठिकठिकाणच्या विधवांची हकीकत ऐकतात. पुढें विनायक मरण पावतो आणि यमुना स्वतःच त्या पंक्तींत जाऊन बसते. दुसऱ्यांचें दुःख ऐकणारीवरच तें दुःख येऊन कोसळावें, ही योजना साधी असली तरी भेदक आहे. केशवपनाचें भय, सासरचा जाच, आप्तांचा कोरडेपणा, हें सारें तत्कालीन वाङ्मयांत इतक्या उघडपणें क्वचितच आलें होतें.

पण दोषहि तितकाच उघड आहे. विधवा बोलतात तेव्हां माणसें बोलतात. यमुना व विनायक बोलूं लागले कीं पुष्कळदां प्रवचन सुरू होतें. विरुद्ध पक्षाची माणसें वादांत हरण्यासाठींच उभीं केलेलीं वाटतात. शेवटीं यमुना ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते, तें तिच्या मनाच्या ओढीनें कमी आणि लेखकाच्या निश्चयानें अधिक. त्या काळीं मराठींत कादंबरीचा नमुनाच नव्हता, संवाद आणि उपदेश हेच सांचे लेखकाच्या हाताशीं होते, हें खरें. तथापि दोष समजून घेणें निराळें आणि तो नाहींच म्हणणें निराळें. दुःख नुसतें दाखविलें असतें तर वाचक आपल्या पायांनीं निष्कर्षापर्यंत चालत गेला असता. हात धरून ओढल्यामुळें तो पाऊल रोवून उभा राहतो.

हा फरक लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रें’ ह्या ग्रंथांत स्वच्छ दिसतो. त्याचा पहिला भाग १९३४ सालीं निघाला. ती कादंबरी नव्हे, आत्मचरित्र आहे. तरीहि धर्मांतराचें इतकें सत्य चित्र मराठी कथावाङ्मयास क्वचितच साधलें असेल. नारायण वामन टिळक १८९५ सालीं ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंना तो आघात वाटला, त्यांनीं कांहीं वर्षें वेगळें राहून काढलीं, आणि १९०० सालीं स्वतः बाप्तिस्मा घेतला. जातीचा विटाळ मनांतून कसकसा सुटत गेला, तें त्या आपल्यालाच हंसत सांगतात. पतीच्या उदारपणाबरोबर त्याचा लहरी तापटपणाहि त्या लपवीत नाहींत. येथें विरुद्ध पक्ष प्रथम लेखिकेच्याच मनांत उभा आहे, आणि त्याला पुरतें बोलूं दिलें आहे. म्हणूनच ती श्रद्धा मान्य नसलेल्या वाचकालाहि तिची सचोटी मान्य करावी लागते.

भिडेखातर केलेल्या स्तुतीनें धार्मिक पुस्तकाचें हित होत नाहीं. कच्च्या पुस्तकास पक्कें म्हटलें कीं पुढचा लेखक तेवढ्यावरच समाधान मानतो, आणि पक्क्या पुस्तकाची किंमत त्याच भावांत बुडते. ‘यमुनापर्यटन’ ह्या पुस्तकाचें प्रवचन शिथिल आहे असें मोकळेपणें सांगणारा वाचकच त्यांतील विधवांचा आवाज खरा आहे असें सांगूं लागला, तर त्याच्या शब्दावर मंडळीबाहेरचे लोकहि विश्वास ठेवतील.